मागच्या वर्षीचं भरतीचं पुस्तक

दि. ३ फेब्रुवारी
बोटीवरून

डॉक्टरसाहेब,
सप्रेम नमस्कार.

'सप्रेम' सवयीने पडलं. आता खोडत बसत नाही.

तुमची तब्येत ठणठणीत असेल. दवाखान्यात लोकांच्या दाढा उपटणं नेहमीसारखं चालू असेल. आम्ही तिघीही मजेत आहोत. तिघी म्हणजे तुमच्या आई, तुमची बहीण बेबी आणि मी. रविवारपासून धक्क्यावर तुमची बोट दिसत नसेल, तर ती इथे आहे. पोलिसांकडे जाऊ नका, तुमचंच हसं होईल. बाबा गेल्यावर बोट आईंच्या नावावर केलीत ती तुम्हीच, आणि आईंनी ती बाहेर काढायला सांगितली.

फोन करा म्हणाल. फोनवर तुम्हीच बोलता. पत्रात तुम्हाला मध्ये तोंड घालता येत नाही, म्हणून पत्र. आम्ही जिथून निघतो तिथल्या पेटीत ते टाकते, म्हणजे ते मिळेपर्यंत आम्ही पुढे गेलेलो असू.

बोट बेबी चालवते. मी स्टिअरिंगला बोटसुद्धा लावलेलं नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण परवाना नसलेली बाई बोट चालवते म्हणून तक्रार करायला तुम्ही एका पायावर तयार असाल. बेबीने परवाना काढला हे तुम्हाला माहीत नव्हतं ना? चव्वेचाळीस वर्षांची झाली तरी तुमच्या लेखी ती बेबीच, त्यामुळे तिने काय काय केलं ते तुम्हाला कळतच नाही. तिला शिकवलं मी, तिकीट खिडकीची पाळी संपल्यावर, रोज तासभर.

आता बोटीची खुशाली. तुमच्या कप्तानाच्या पांढऱ्या टोपीत आम्ही कांदे ठेवतो. हवा खेळती राहते, कांदे टिकतात. ज्या टेबलावर ओला पेला ठेवला म्हणून तुम्ही पाहुण्यांसमोर मला झापलं होतं, त्यावर काल मी शेगडीवरचं पातेलं तसंच ठेवलं. पांढरं कडं उमटलं आहे. चुकून झालं असं लिहिणार होते, पण मुद्दाम ठेवलं. ओले पाय घेऊन आत यायचं नाही ही तुमची पाटी बेबीने उलटी करून तिच्यावर कांदे चिरले.

दोघांच्या केबिनमध्ये तिघी म्हणजे कोणाची तरी कोपरं कोणाच्या तरी बरगडीत असतातच. आई लांब बाकावर झोपतात. त्यांची काठी घरंगळते म्हणून तिला सुतळीने बांधली आहे. संडासाचा पंप वीस वेळा मारावा लागतो, आई मोठ्याने मोजतात आणि सतराला थांबतात. बेबी घोरते. सकाळी कठड्यावर आमचे कपडे वाळत असतात आणि शेजारच्या बोटींवरचे लोक नजर चुकवतात. तुम्हाला हे पाहून घेरी आली असती.

आई माझ्याशी बोलत नाहीत. सहा वर्षांत बोलल्या नव्हत्या, मग आता एकदम का बोलतील? तरीही मागच्या महिन्यात फोन त्यांनीच केला. "बेबीला इंजिनातलं कळत नाही. तू ये," एवढंच म्हणाल्या आणि ठेवून दिला. का बोलावलं ते मला कळलेलं नाही. मी का आले ते मात्र मला पक्कं ठाऊक आहे. ते नंतर लिहीन.

कळावे,
तुमच्या बोटीवरची मेकॅनिक


दि. ८ फेब्रुवारी
बोटीवरून

डॉक्टरसाहेब,
नमस्कार. या वेळी 'सप्रेम' आठवणीने गाळला.

परवा दीपगृहाच्या पुढे इंजिन तापलं. काटा लाल पट्ट्यात गेला आणि बेबीचा चेहरा पांढरा पडला. मी इंजिन बंद करायला लावलं, नांगर टाकला आणि फळी उचलून खाली उतरले. समुद्राचं पाणी आत घेणारी जाळी शेवाळाने गच्च तुंबली होती. तुमच्या बोटीचा हा जुनाच आजार. हात गरम नळ्यांमध्ये, डोकं खाली, वर बोट डुलते आहे, आणि मी पाना मागते आहे तर वरून आवाज आला, "बारा नंबरचा की चौदा?"

आई फळीच्या काठाशी पाय पसरून बसल्या होत्या, मांडीवर हत्यारांची पेटी. त्या दुखऱ्या पायाने जमिनीवर बसणं म्हणजे काय हे तुम्हाला मी सांगायला नको. मी "बारा" म्हटलं. त्यांनी बाराचा दिला. पाऊण तास आम्ही असं बोललो, नुसते आकडे. शेवटी त्या म्हणाल्या, "त्या दिवशीही तू इथेच होतीस ना, खाली?"

माझ्या तोंडात स्क्रू होता.

त्या दिवसाबद्दल आपण कधी कागदावर बोललेलो नाही, तेव्हा आज लिहितेच. खाडीच्या तोंडाशी पाण्याखाली वाळूचा दांडा आहे, तो भरतीलाच ओलांडायचा, हे त्या भागात कोणालाही कळतं. मी ह्याच फळीखाली, ह्याच जाळीतून पाणी नीट येतंय का ते बघत होते. स्टिअरिंगवर तुम्ही होता. भरती दुपारी एकला आहे, वरून पिसासारखे निघून जाऊ, असं तुम्ही म्हणालात. बोट वाळूवर आदळली, आई केबिनच्या पायऱ्यांवरून कोसळल्या आणि त्यांचा खुबा मोडला. मग रुग्णालयाच्या व्हरांड्यात तुम्ही मला बाजूला घेतलंत. "तुझा काय, परवाना जाईल, सहा महिन्यांत परत मिळेल. माझं नाव गेलं तर गेलं." मी नाही म्हटलं. तरी चौकशीत तुम्ही सांगितलंत की स्टिअरिंगवर बायको होती. मी खरं सांगितलं. आईंना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मला काही आठवत नाही." झालं. तुम्ही अख्ख्या गावाच्या दातांचे डॉक्टर, आणि मी फेरीबोट चालवणारी बाई. कोणावर विश्वास ठेवायचा हे चौकशीवाल्यांना फार अवघड गेलं नाही.

माझा परवाना गेला तो परत आलाच नाही. बारा वर्षं जी फेरीबोट चालवली, तिच्याच खिडकीत सहा वर्षं तिकिटं फाडते आहे. माझ्या हाताखाली शिकलेली पोरं वरून हॉर्न देतात, "बाई, सोडू का?" मी "सोडा" म्हणते. रोज सोळा फेऱ्या, सोळा वेळा.

आता मी का आले ते. निकाल लागल्यावर माझी त्या दिवशीची पिशवी उपसली, तर बोटीवरून घाईत उचललेल्या टॉवेलात गुंडाळलेलं भरतीचं पुस्तक निघालं. दर वर्षी वेळा बदलतात, म्हणून दर वर्षी नवं पुस्तक येतं, हे तुम्हालाही माहीत आहे. निळं पुठ्ठ्याचं, दोन्ही वर्षांचं दिसायला सारखंच. तुम्ही पाहिलंत ते मागच्या वर्षीचं, डॉक्टर. त्या तारखेवर तुमच्या पेन्सिलीचा गोल आहे आणि बाजूला तुमच्या त्या औषधं लिहायच्या अक्षरात 'एक वाजता'. त्या वर्षीची खरी भरती सकाळी साडेनऊलाच होऊन गेली होती. बंदर कचेरीत दाखवलं, तर तिथला कारकून म्हणाला, गोल कोणी काढला ते कळतं, स्टिअरिंग कोणाच्या हातात होतं ते कळत नाही.

ते पुस्तक आता माझ्या उशीखाली आहे. माझा बेत असा: चांगल्या हवेचा एखादा दिवस बघायचा, आई हसत असतील अशी वेळ बघायची, आणि जेवताना ते त्यांच्या ताटाजवळ ठेवायचं. तुम्ही माझं काम नेलंत. मी तुमची आई न्यायला आले आहे. आपला मुलगा कसा आहे हे त्यांना कळावं आणि पुन्हा तुमच्याकडे पाहताना त्यांना तेच दिसावं, एवढीच माझी इच्छा आहे. हे वाईट आहे हे मला कळतं. सहा वर्षं रोज ह्याच विचाराने मला चांगली झोप लागते.

आम्ही दांड्याच्या दिशेने निघालो आहोत. तो रस्ता मी सुचवला नाही, आईंनीच बेबीला सांगितला.

कळावे.


दि. १२ फेब्रुवारी
बोटीवरून

डॉक्टर,

काल ओहोटीला दांड्याच्या बाहेर नांगर टाकला. वाळू उघडी पडली होती. तिच्यावर बगळे चालत होते, म्हणजे तुमची बोट कुठून जाणार होती याची कल्पना करा. हवा छान होती, आई बेबीच्या कसल्याशा बोलण्यावर हसत होत्या. मी आत गेले, पुस्तक आणलं आणि उकडलेल्या बटाट्यांच्या ताटाजवळ ठेवलं. पान उघडूनच.

त्यांनी चष्मासुद्धा शोधला नाही.

"हे मला दाखवू नकोस. मला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"पुस्तकाचं नाही. स्टिअरिंगचं. मी त्याच्या मागेच उभी होते गं. पडले तेव्हा त्याचीच पाठ दिसत होती."

बेबीच्या हातातून पेला पडला. तिला खरंच काही माहीत नव्हतं.

मी म्हटलं, "तुम्ही आठवत नाही म्हणालात."

"म्हणाले. त्याने सांगितलं, परवाना काय, सहा महिन्यांत परत येतो. तो माझा मुलगा. तू आमच्याकडे आलेली. निवडायला फार वेळ लागला नाही."

"सहा वर्षं झाली, आई."

"मोजलीत मी. तुझ्या खिडकीवर तिकीट काढून दोनदा पलीकडे जाऊन आले. तू वर बघितलं नाहीस."

"ओळखलं होतं. मुद्दाम नाही बघितलं."

"तेही कळलं मला," त्या म्हणाल्या आणि बटाटा सोलायला लागल्या.

मी पुढे जाऊन नांगराच्या पेटीवर बसले ते भरती चढेपर्यंत. सहा वर्षं जी शिक्षा तयार करून ठेवली होती, ती द्यायला गेले तर समोरची बाई आधीपासूनच सगळं जाणून होती. आपलाच हात आपल्या तोंडावर बसावा तसं झालं. तुमचा राग होताच, आता आईंचाही तेवढाच आला. दुपारचा चहा मी केला नाही. त्यांनी मागितलाही नाही.

संध्याकाळी त्या कठडा धरत धरत माझ्यापर्यंत आल्या. काठी बांधलेलीच राहिली होती. म्हणाल्या, "मी माफी मागायला आलेले नाही. ती मागून तुला तुझी फेरी मिळणार नाही." मग कारण सांगितलं. डिसेंबरात बोट क्लबचे तुम्ही अध्यक्ष झालात, त्या जेवणात भाषणात तुम्ही विनोद केलात म्हणे, की समुद्राने मला कधी बुडवलं नाही, बायकोने मात्र वाळूवर नेऊन ठेवलं. सगळे हसले. पहिल्या रांगेत तुमच्या आई बसल्या होत्या, काठी घेऊन, आणि तुम्ही त्यांच्याकडे बघितलंत. "मग मीही हसले," त्या म्हणाल्या. "घरी आल्यावर कागद घेऊन बसले."

एक भाषण जरा आवरतं घेतलं असतंत, डॉक्टर, तर तुमचं सगळं निभावलं होतं.

जानेवारीतच त्यांनी बंदर अधिकाऱ्यांकडे अर्ज दिला आहे. फेरचौकशीची नोटीस तुम्हाला मिळाली असेलच. ती कोणाच्या अर्जावरून निघाली ह्याचा तुम्ही विचार करत असाल, आणि मला शिव्या देत असाल. मी नाही. तुमच्या आई. ही सगळी सफर त्यांनी त्या कचेरीपर्यंत पोहोचायला काढली. गाडीने दोन तासांत आल्या असत्या, पण म्हणाल्या, आधी तुझ्याबरोबर राहून बघायचं होतं, कोणाचं काय नेलं ते.

मी त्यांना माफ केलेलं नाही. त्यांना तसं सांगितलं, तर "बरोबर आहे" म्हणाल्या. रात्री त्यांच्या पायाला तेल लावून दिलं, पण ते वेगळं.

तुम्हाला तर नाहीच. मला वाटलं होतं की हे घडून आल्यावर मन शांत होईल, मोठेपणा वगैरे सुचेल. तसलं काही सुचत नाही. मला तुम्हाला त्या चौकशीच्या खुर्चीत बसलेलं बघायचं आहे. तुमचा क्लब, तुमचे पेशंट, सगळ्यांना कळलेलं हवं आहे. आणि आई बोलत असताना तुम्ही कुठे बघता, ते मी डोळे न हलवता बघणार आहे.

गुरुवारी, अठरा तारखेला, अकरा वाजता. पहिली साक्ष त्यांची. नाही आलात तरी चौकशी होईल, पण तुम्ही यावं असा त्यांचा आग्रह आहे. त्यांना दोन ओळी स्वतः लिहायच्या आहेत, म्हणून खाली जागा सोडते आणि माझं पत्र पुरं करते.

तुमची बायको, अजून कागदोपत्री

राजा,
पोटभर खाऊन ये, तिथे बराच वेळ बसवतात. बरा सदरा घाल. स्टिअरिंग तुझ्या हातात होतं हे मी सांगणार आहे, आणि ते तुझ्यासमोरच सांगायचं आहे.
— आई