बाकावर तुझ्या जागी

प्रिय आई,

तुझ्या कपाटाचा वरचा कप्पा रिकामा करत होते. हातात तुझी कोर्टाची निळी फाइल होती, तेवढ्यात बेल वाजली.

दारात तिशीची एक बाई. खांद्याला डब्याची पिशवी, गळ्यात कारखान्याचं ओळखपत्र. "बाई आहेत का जी?"

"कोण बाई?"

"शाळेच्या बाई. त्यायचा फोन लागूनच नाही राहिला. उद्या माझी तारीख आहे."

मी सांगितलं. तू जाऊन दोन महिने झाले, असं. ती जिन्याच्या पायरीवर बसली. रडली नाही. म्हणाली, "नवऱ्याकडून सात जण येतील. माझ्याकडून बाई येणार होत्या."

तिचं नाव सुनंदा. ती गेल्यावर मी आवराआवर थांबवली आणि हे लिहायला बसले.

तुझ्या वकीलबाईंना, आता सुनंदाच्याही त्याच आहेत, मी कळवलंच नव्हतं, आई. सगळ्यांना फोन केले, त्यांना नाही. विसरले नव्हते. एकसष्टाव्या वर्षी घटस्फोट घेतलेल्या बाईची मुलगी म्हणून त्यांच्याशी बोलायचं होतं, ते मला अजून जमत नव्हतं.

आठवतं, तू पहिल्यांदा सांगितलंस तेव्हा मी काय म्हणाले होते? "या वयात? आणि माझ्या सासरी काय सांगू?"

"सांग, आई बरी आहे," तू म्हणालीस आणि भाजी निवडत राहिलीस.

मग तू एकटी शनिवार पेठेत गेलीस. वकीलबाईंनी सगळं लिहून आणायला सांगितलं. तू बावीस पानं नेलीस. तीस वर्षं मराठी शिकवलेल्या बाईची बावीस पानं! त्यांनी लाल पेन काढलं. "विशेषणं काढा. काय घडलं ते ठेवा. भांडायचं असेल तर यातलं प्रत्येक वाक्य सिद्ध करावं लागेल, वर्षं जातील. दोघांची संमती असेल तर दीड पान पुरेल. कोणता रस्ता, ते तुम्ही ठरवा. मी दोन्हीकडे येईन."

तू चिडशील असं मला वाटलं होतं. तू मात्र खुशीत होतीस. "निवृत्तीनंतर पहिल्यांदा कोणी माझा कागद तपासला," म्हणालीस.

ती पानं फाइलमध्ये आहेत. आज वाचली. एका जागी सात ओळी खोडल्या आहेत आणि एवढंच उरलंय: 'निवृत्तीच्या दिवशी मला घरी यायला उशीर झाला. त्यांनी दार उघडलं नाही. मी नारळ आणि शाल घेऊन दोन तास जिन्यात बसले.'

हे तू मला कधी का सांगितलं नाहीस? की सांगितलंस, आणि मी ऐकलं नाही?

बाबा तयार झाले. "माझं काय जातंय," म्हणाले. तू बाबांचं कसबा पेठेतलं घर सोडून कात्रजला येऊन वर्ष उलटलं होतं; कायद्याला तेवढं वेगळं राहणं लागतं. दोघांचा एकच अर्ज दाखल झाला. आणि पहिल्या जबाबाच्या दिवशी तू तो घोळ घातलास!

न्यायाधीशांनी विचारलं, "तुमच्यावर कोणाचा दबाव आहे का?"

"आहे," तू म्हणालीस.

वकीलबाईंनी तुझा पदर ओढला म्हणे.

"कोणाचा?"

"मुलीचा. घटस्फोट घेऊ नकोस म्हणून."

सगळे हसले. न्यायाधीशांनी बाबांकडे पाहिलं. बाबा म्हणाले, "ती खोटं बोलत नाही, साहेब. तोच तर त्रास आहे."

पुढची तारीख पडली. कोर्टाच्या समुपदेशक बाईंचा मला ऑफिसात फोन आला. "आईवर दबाव आणताय का?" बैठक सोडून मी कॉरिडॉरमध्ये उभी होते. आठवडाभर तुझ्याशी बोलले नाही. नंतर पुढच्या तारखेला गेले का? नाही. सहा महिन्यांनी शेवटचा जबाब होता, तेव्हा तरी? तेव्हाही नाही. तुझा निरोप आला: 'झालं. येताना श्रीखंड आणलंय. यायचं तर ये.' मी दोन दिवसांनी आले. माझी वाटी झाकून ठेवली होतीस.

त्यानंतर तू दुसऱ्यांच्या तारखांना जायला लागलीस. मी टोमणा मारला होता, "वकील झालीस की काय?"

"नाही गं. बाकावर बसते. पाण्याची बाटली धरते."

आज सुनंदाकडून कळलं, तू आणखीही काही करायचीस. आत जाण्याआधी प्रत्येकीला सांगायचीस, "प्रश्न जेवढा, उत्तर तेवढं. पण खोटं नको." स्वतःची चूक तू त्यांना धडा म्हणून शिकवलीस. सहा महिन्यांपूर्वी सुनंदाचा पहिला जबाब झाला. सासरची माणसं दारात गराडा घालून उभी होती. तू त्यांना म्हणालीस, "अहो, जरा सरका. वर्गात जायचंय तिला." आणि ते सरकले!

उद्या तिचा शेवटचा जबाब. दोघांनी पुन्हा 'हो' म्हणायचं. एकाने 'नाही' म्हटलं, तर इतक्या महिन्यांचं सगळं फुकट. नवऱ्याची तिला भीती वाटत नाही. तिला भीती स्वतःची आहे. सात जण बघत असताना आपल्या तोंडून भलतंच निघेल, असं तिला वाटतं.

आई, मला तुझा अभिमान वाटतो. हे वाक्य मी तीनदा लिहिलं. दोनदा त्यात विशेषण होतं, ते खोडलं.

वकीलबाईंना आत्ता फोन केला. तू गेल्याचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "उद्या साडेदहा. तुम्ही येताय?"

उद्या मी रजा घेईन. बाटली भरून घेईन. बाकावर तुझ्या जागी बसेन, आणि कोणी विचारल्याशिवाय एक शब्द बोलणार नाही. फाइल टाकून देणार नाही. ती माझ्याकडे राहील.

तुझी,
मनू

ता.क. सुनंदा आणि मी सकाळी दहालाच कोर्टात पोचलो. ते सात जण आले होते. बाकावर सुनंदाने विचारलं, "बाईंच्या तारखेला तुम्ही होत्या?" मी म्हणाले, "नव्हते." तिने मान हलवली आणि पाणी मागितलं. पुकारा झाला. मी त्या लोकांना म्हणाले, "जरा सरका." न्यायाधीशांनी दबावाचं विचारलं. सुनंदा म्हणाली, "नाही." संमती आहे का, विचारलं. "आहे," म्हणाली. नवराही "आहे" म्हणाला. न्यायाधीशांनी घटस्फोट मंजूर केला, तेव्हा अकरा वाजून गेले होते.