बाईंची दालचिनीची भगर

बाई, आई गेली. परवा तेरावा झाला. पाहुणे गेले, भाड्याच्या खुर्च्या परत गेल्या आणि मी जिंतूरच्या घरात पंख्याखाली बसून तुम्हांला लिहिते आहे. तुम्ही जाऊनही पुष्कळ वर्षं झाली. तुमच्या देशात, थंडीच्या दिवसांत गेलात, एवढंच तेव्हा कानावर आलं होतं. त्यामुळे हे पत्र कुठं जायचं नाही, ते मला ठाऊक आहे. मला अजून रडू आलेलं नाही. बायका गळ्यात पडून रडल्या, मी त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि चहाला दूध पुरेल का याचा विचार केला. दात काढल्यावर गाल बधिर होतो ना, तशी सगळीच झाले आहे. वाईट वाटत नाही, याचंही वाईट वाटत नाही.

तुमचा मिशनचा दवाखाना गावाबाहेर, जिंतूरच्या रस्त्याला होता. दोन खोल्यांवर पत्रे, पुढं पडवी, मागं स्वयंपाकाची खोली आणि आड. तुम्ही आणि थोरल्या बाई, दोघीच. पहाटे तुमची प्रार्थना व्हायची. थोरल्या बाई मोठ्यांदा गायच्या आणि तुम्ही कायम थोड्या मागं राहायचात. मग स्टोव्हवर सुया उकळायच्या. उन्हं वर येईपर्यंत पडवी भरलेली असायची: खरजेची लेकरं, बाळंतिणी, बैलानं ढुशी मारलेला एखादा म्हातारा. दुपारी तुम्ही सायकलवर तांड्यावर जायचात आणि लालबुंद होऊन परत यायचात. आई म्हणायची, "आल्या बाई भाजून." रविवारी त्याच पडवीत सतरंजी पडायची, गाणी व्हायची, आणि ऐकायला असायचं एक कुत्रं. सोमवारी पुन्हा पाय ठेवायला जागा नाही. देवाच्या कामात तुम्हांला आमच्या गावात काही यश आलं नाही, बाई, पण खरूज मात्र गेली. मराठी तुम्ही पुस्तकातून शिकलेल्या. "आपले भोजन झाले काय?" असं विचारलंत की बाया तोंडाला पदर लावून हसायच्या.

आई तुमच्याकडे पाणी भरायची, भांडी घासायची, पट्ट्या उकळून वाळत घालायची. वडील नव्हते. चुलत्यांच्या घरातली एक खोली आम्हां मायलेकींना दिलेली. चुलत्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "काम कर, पर त्यांच्या हातचं खायाचं न्हाई. बाटलीस तर पोरीला कोन करून घेईल?" पोरगी म्हणजे मी. म्हणून तुम्ही दुपारी ताट वाढलंत की आई म्हणायची, "आज उपास हाय, बाई." सोमवारी महादेवाचा, मंगळवारी देवीचा, शनिवारी मारुतीचा. बुधवारी कुणाचा सांगायची देव जाणे. दुसरी एखादी काय ते समजून गप्प बसली असती. तुम्ही शाळेतल्या गुरुजींना जाऊन विचारलंत की उपवासाला काय चालतं, आणि बाजारातून भगर आणलीत. मीठ चालत नाही असंही कुणीतरी तुमच्या डोक्यात भरवलेलं. मग तुम्ही साखर घातलीत, भरपूर दूध घातलंत आणि वर दालचिनी. तुमच्या देशात तांदळाची अशीच करतात म्हणालात. भगरीत दालचिनी मी त्याआधी पाहिली नव्हती, नंतरही नाही. आईची मोठी पंचाईत झाली. उपासाचंच केल्यावर नाही कसं म्हणायचं? "घरी जाऊन, आंघोळ करून खाते," म्हणाली आणि डबा घेऊन आली.

तो डबा मी खायची. आई दार लावून घ्यायची आणि समोर बसून बघायची. "खा. लेकराला इटाळ नस्तो," म्हणायची. तुम्ही असेपर्यंत हे असंच चाललं. तुम्हांला आईकडून दुसरं काही नको होतं, तिनं तुमच्या हातचं खावं एवढंच होतं, हे मला लहानपणीही कळायचं. मग सरकारनं इथं राहायची मुदत वाढवून दिली नाही आणि तुम्ही निघालात. जीप उभी, अख्खा गाव उभा, पुढंच चुलते. तुम्ही आईचे दोन्ही हात धरलेत. "खरे सांगा, माझ्या हातचे तुम्ही कधी खाल्ले काय?" आईनं मान खाली घातली. "पोरगी खाती, बाई. तिला लय गोड लागती." तुम्ही म्हणालात, "बरे." जरा थांबून पुन्हा "बरे" म्हणालात, माझ्या डोक्यावर हात ठेवलात आणि जीपमध्ये बसलात. तुमचं तेव्हाचं तोंड मला अजून दिसतं. मी पुढं शिकले, शाळेत बाई झाले, पण त्या एका गोष्टीसाठी आईवर माझा कायमचा राग राहिला. इतकी वर्षं तुमच्या दारात राबली आणि एक घास खाववला नाही तिला.

मागच्या महिन्यात तिचं खाणं सुटलं. डॉक्टरांनी मीठ बंद केलेलं; अळणी वरण पुढं केलं की ती भिंतीकडं तोंड करायची. एका दुपारी मला तुमची भगर आठवली. दूध, साखर, दालचिनी घालून केली आणि पहिला चमचा भरवला. डोळ्यांना दिसत नव्हतं तिला. घास तोंडात धरून राहिली आणि म्हणाली, "बाईंची हाय."

मी म्हटलं, "तुला काय माहीत? तू कुठं खाल्लीस कधी?"

"येडी का काय तू! रोज खायची की म्या. आडामागं बसून. निम्मी खायची आन् निम्मी तुला आनायची."

"मग बाईंना का नाही सांगितलंस?"

"समदं गाव हुबं व्हतं. तुझं लगीन व्हायचं व्हतं." वाटी संपवली तिनं. मी तोंड पुसत होते तेव्हा माझं मनगट धरलं. "आताबी कुनाला सांगू नको. तुझ्या लेकीचं जमायचं हाय."

त्यानंतर तिनं धड काही खाल्लं नाही. तर बाई, ती खात होती. तुमच्याच आडामागं, रोज, आणि तिला ती आवडायची. हे तुम्हांला त्या जीपपाशी कळायला हवं होतं. आज सकाळी मी पुन्हा केली. उपास नव्हता. ओट्याशी उभं राहून निम्मी खाल्ली आणि निम्मी सवयीनं झाकून ठेवली, मग लक्षात आलं की आता कुणाला न्यायची नाही. नवरा विचारत होता, दालचिनीचा वास कसला. चहात घातली म्हटलं. हे पत्र आता फाडणार आहे, घरात कुणाच्या हाती पडायला नको. लेकीचं अजून जमायचं आहे, बाई.