क्रोनसला ऐकू जाऊ नये म्हणून

दुबई, शुक्रवार, मार्च २००९

इराचं शाळेचं प्रोजेक्ट एकदाचं संपत आलं. ग्रीकांचे सगळ्यात जुने देव. आधी नुसती पोकळी, मग पृथ्वी, आकाश, आणि त्यांचा मुलगा क्रोनस, स्वतःचीच पोरं गिळणारा. म्हणून त्याच्या बायकोने, रियाने, धाकट्याला दूर बेटावरच्या गुहेत लपवलं. त्याचं रडणं बापाला ऐकू जाऊ नये म्हणून पहारेकरी बाहेर ढाली बडवायचे.

आणि हे इराला समजावत कोण होतं? मी! नितीनची नोकरी गेल्यापासून आम्ही दोघं किचनमध्ये रिकामा मिक्सर फिरवत बोलतो. जूनमध्ये इराला पुण्याला ताईकडे ठेवायचं ठरलंय, तिला सांगितलेलं नाही. इन्शाल्ला त्याला काहीतरी मिळेल, मग सांगायचं कशाला, असं मीच म्हणाले होते.

"ढाली का बडवायचे, कळलं ना?" मी विचारलं.

ती ढालींना चंदेरी रंग देत होती. तेवढ्यात किचनमध्ये मिक्सर सुरू झाला.

मान वर न करता म्हणाली, "शील्ड्स, आई. गो, बाबा इज कॉलिंग यू."

मला उठवेना. मिक्सर रिकामाच फिरत राहिला.