तासभर आधीची गोळी

॥ श्री ॥
दिवेआगर, १४ जून २०२०

चि. देवव्रत यास ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही दोघं सुखरूप आहोत. वादळात वाडी आडवी झाली. सुपारी उभी अशी उरलीच नाही. वीज नाही, फोन नुसता डबा झालाय, म्हणून शेजारच्या दिपेशच्या टेम्पोतून हे पत्र माणगावच्या पोस्टात पाठवते.

तुझे तात्या दिवसभर पडलेल्या झाडांतून फिरतात, बोलत नाहीत. त्यात दाढ सुजलीय. लवंग धरून झाली. माणगावचा दाताचा डॉक्टर दवाखाना उघडतोय म्हणे, तिथे काढून घेऊ. नवऱ्याने जरा गप्प बसावं असं मी कधी म्हटलं असेन, तर देवाने ते फारच मनावर घेतलं.

सूनबाई विनिताला आशीर्वाद. माया आहेच, ती काही वाऱ्याने मोडत नाही.

तुझी ताई,
कुमुद

ठाणे, १९ जून

ती. ताईस देवव्रतचा शि. सा. नमस्कार.

पत्र आत्ताच मिळालं, लगेच लिहितोय. तात्यांच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, हे दातवाल्या डॉक्टरांना आधी सांग. ऑपरेशननंतर मोठ्या डॉक्टरांनी मला बजावलं होतं, की दाढ काढण्याआधी तासभर अँटिबायोटिक घ्यायचंच. हिरडीतले जंतू रक्तात उतरून झडपेवर बसतात. तात्या हसतील, हसू देत.

निघायची परवानगी मिळत नाही, नाहीतर आलोच असतो. सांभाळून राहा, आणि रागावलीस तरी लिहीत जा.

तुझा,
देवव्रत

॥ श्री ॥
दिवेआगर, ५ जुलै

चि. देवव्रत यास आशीर्वाद.

तुझं पत्र आलं तेव्हा दाढ निघून गेली होती. करोनामुळे डॉक्टरांनी मला दारातच थांबवलं होतं. हृदयाचं काही आहे का, असं डॉक्टरांनी विचारलं, तर हे नाही म्हणाले. परतताना मला सांगतात, हो म्हटलं असतं तर मुंबईहून चिठ्ठी आणा म्हणाले असते, ठणका कोण सोसणार?

आता रोज संध्याकाळी ताप भरतो. गावाने करोना ठरवलाय, अंगणात कुणी येत नाही. तुझं पत्र मी ह्यांना वाचून दाखवलं. ऐकून घेतलं आणि भिंतीकडे वळले.

दिपेश उद्या पनवेलला नेतोय. जमेल तसा तिथे ये. इकडे लक्ष असू दे.

ताई

दिवेआगर, २० सप्टेंबर

चि. देवव्रत,

फोन सुरू झालेत, पण फोनवर मला बोलता येत नाही. तुझ्याशीही नाही.

पनवेलला हे गेले आणि तू बिलाचं बघायला गेला होतास, तेव्हा मी डॉक्टरांना विचारलं, की ती गोळी आधी घेतली असती तर हे वाचले असते का? ते म्हणाले, “नक्की सांगता येत नाही.” मी बरं म्हटलं. अजूनही “बरं” एवढंच म्हणते, कुणी काहीही बोललं तरी. बायका येतात, मी रडायची वाट बघतात आणि जातात.

परवा कळलं, की वेळासच्या हिरामणलाही तशीच झडप बसवलेली आहे आणि तो दात काढायला निघालाय. मी उठले आणि त्याच्याबरोबर माणगावला गेले. डॉक्टरांनी मला ओळखलं. ते काही बोलायच्या आत मी सगळ्यांसमोर मोठ्याने म्हटलं, “याच्या हृदयात झडप बसवलेली आहे.” त्यांनी फोनवर त्याच्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारलं, गोळी दिली आणि तासभर बाहेर बसवलं. मीही त्याच्याशेजारी बसून राहिले.

रडू आलं नाही. भूक मात्र लागली. समोरून पाव आणून खाल्ला.

जमलं की ये. बोलले नाही तरी बसून राहा.

तुझी ताई,
कुमुद