शेवटच्या नावापर्यंत

मी, सिद्धम्मा भ्र. मन्मथ हालगे, वय अडुसष्ट, धंदा घरकाम, शिक्षण मॅट्रिक, राहणार पिंगळी, तालुका व जिल्हा परभणी, आज सकाळी लिंगपूजा आटोपून माझ्या स्वतःच्या अक्षरात हे लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे, डॉक्टरांचा तसा दाखला सोबत जोडला आहे. कोणी धाक घातला नाही की लाडीगोडी लावली नाही. उलट ज्याला कळले असते त्याने अडवलेच असते, म्हणून घरात कोणाला विचारलेले नाही. यापूर्वी कुठे काही लिहून दिले असेल तर ते रद्द समजावे.

कलम १. माझे पती मन्मथअप्पा पाच वर्षांपूर्वी लिंगैक्य झाले. मला दोन लेकरे. थोरला बसवराज, शेती करतो, त्याची बायको शुभदा. धाकटी वैजयंती, राहणार हैदराबाद. तिने लग्न केले नाही. त्यावर माझे बोलून झाले आहे, आता नाही.

कलम २. अप्पांची वडिलोपार्जित सात एकर जमीन सातबाऱ्यावर एकट्या बसवराजच्या नावाने आहे. ती कशी झाली ते कलम ४ मध्ये येईल. ती परत मागण्याचा मला अधिकार नाही व मागत नाही.

कलम ३. पिंगळी स्टेशनच्या वाटेवरचे चार खोल्यांचे पक्के घर, ग्रामपंचायतीच्या नमुना नंबर आठला माझ्या नावाने आहे. जागा माझ्या वडिलांनी चोळीबांगडीत दिली, बांधकाम माझ्या भिशीतून झाले. अप्पांचा एक पैसा त्यात नाही, वह्या कपाटात आहेत, ज्याला शंका असेल त्याने बघाव्यात. हे सबंध घर, मागच्या अंगणासह, मी माझी मुलगी वैजयंती हिला देते. तिने राहावे, भाड्याने द्यावे, विकावे, कोणी विचारू नये.

कलम ४. वकीलसाहेब म्हणाले, कारण लिहायची गरज नाही. मला आहे.

वैजयंती हैदराबादला कॉम्प्युटरवर सिनेमाची चित्रे हलती करण्याच्या स्टुडिओत नोकरीला होती. परदेशातली एक मोठी सिनेमा कंपनी त्यांना काम द्यायची. अडीच वर्षे माझी मुलगी एका अस्वलाच्या अंगावरचे केस करत होती. वारा आला तर कसे हलतील, भिजले तर कसे चिकटतील. गावात कोणी विचारले, पोरगी काय करते, तर मी "कॉम्प्युटरमध्ये आहे" एवढेच सांगायची.

तो सिनेमा परभणीला लागला. फोन आला, "आई, शेवटी नावं येतात, त्यात माझं येनार हाय. बसून राहा." मी आणि अप्पा दुपारच्या खेळाला गेलो. अस्वल पडद्यावर आले तेव्हा अप्पा माझ्या कानात म्हणाले, "अगं, अस्वल तर अस्वलासारखंच दिसायलंय. ह्यात आपल्या पोरीनं काय केलं?" सिनेमा संपला, दिवे लागले, सगळे लोक उठले. पडद्यावर बारीक इंग्रजी अक्षरे वर सरकत होती. अप्पा म्हणाले, "उठ, संपलं. पॅसेंजर निघून जाईल, मग आटोवाला दीडशे मागंल." मला आठवण होती. तरी मी उठले. दीडशे रुपयांसाठी उठले.

संध्याकाळी तिचा फोन. "दिसलं का नाव?" मी म्हणाले, "दिसलं की. लय ठळक होतं. मी हात जोडले बघ." अप्पांचे अस्वलाबद्दलचे बोलणेही सांगितले. ती खूप वेळ हसली. म्हणाली, "हीच तर शाबासकी हाय, आई."

त्यानंतर दोन महिन्यांनी ती सुट्टीवर आली. बसवराजच्या मनात हक्कसोड करून घ्यायचे होते. आपल्याकडे बहिणी भावाला सही देतात, साडीचोळी घेतात, तसेच. बसवराज बोलायला कचरत होता. मी बोलले. माझे शब्द जसेच्या तसे लिहिते: "तुझं नाव आता जगभर पडद्यावर झळकायलंय, तुला सातबाऱ्यावर कशाला पाहिजे?" तिने माझ्याकडे बघितले. खाली बघून सही केली. मला वाटले, पोर समजूतदार आहे.

पुढे अप्पा गेले. वर्षभरात त्या परदेशी कंपनीचे दोन मोठे सिनेमे ओळीने आपटले. त्यांनी हैदराबादचे काम काढून घेतले, स्टुडिओला कुलूप लागले. वैजयंती एक बॅग आणि कॉम्प्युटर घेऊन घरी आली. म्हणाली, "आई, मागची खोली दे. घरी बसून जाहिरातीचं काम मिळंल." मागच्या खोलीत बसवराजची खताची पोती होती. घर माझे, खोली माझी, मी पोती हलवायला सांगू शकत होते. मी म्हणाले, "अस्वलाच्या केसानं पोट भरतं का? आन् हक्क तर तू सोडलाय." हक्क तिने वडिलांच्या जमिनीवरचा सोडला होता, माझ्या घरावरचा नाही. हे मला त्या वेळीही माहीत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गेली. हैदराबादला शिकवणीवर्गात पोरांना चित्रकला शिकवते. चार वर्षे झाली, महाशिवरात्रीला फोन करते, घरी आलेली नाही.

यंदा श्रावणात बसवराजने टीव्हीवर तोच सिनेमा लावला. मी म्हणाले, शेवट दाव. चष्मा लावून अगदी शेवटापर्यंत बसले. तीन वेळा मागे न्यायला लावले. नाव नव्हते. फोन केला.

"वैजू, तुझं नाव दिसंना गं."

"नव्हतंच आई. आमच्या स्टुडिओला चाळीस नावाची जागा दिली होती. आमी दोनशे जन. पुढच्या रविवारी सगळेजन बघायला गेलो, तवा कळलं."

"मंग मी दिसलं म्हनले तवा?"

"कळलं की. पन तू हात जोडले म्हनलीस. म्हनलं, जाऊ दे."

म्हणजे सही करताना तिला ठाऊक होते की पडद्यावर तिचे नाव नाही आणि आई खोटे बोलते आहे. तरी तिने केली. मी रोज सकाळी इष्टलिंग हातावर घेते, सगळ्यांची क्षमा मागते, पण या सहीशी आले की डोळे मिटता येत नाहीत.

कलम ५. माझ्या मातीनंतर पंधरा दिवसांत बसवराजने मागच्या खोलीतली पोती काढावीत, चुना मारावा, विजेचे दोन बोर्ड नवे बसवावेत. बसवराज, तुझ्यावर राग नाही. तू मागितले नव्हते, मी काढून दिले. आता तू चिडशील, चीड. पण बहिणीला बोलू नको.

कलम ६. बोरमाळ व शिलाई मशीन शुभदाला. तिने मला वेळेवर गरम भाकरी दिली, तोंड वाकडे केले नाही. पोस्टातली ठेव दोन्ही लेकरांना निम्मी निम्मी. शेवयांचे यंत्र माझी जाऊ चांगुणाबाई हिच्याकडे अकरा वर्षांपासून आहे. ते तिलाच दिले असे समजावे, पण दिले असे तिला सांगावे, म्हणजे नेले होते हे तिला आठवेल.

कलम ७. वैजयंती कॉम्प्युटरला जोडून चित्र काढायची काळी पाटी विसरून गेली होती. मी ती दोन वर्षे पापडाच्या कपड्यावर वजन म्हणून ठेवली. पुसून, अप्पांच्या धोतरात गुंडाळून ट्रंकेत ठेवली आहे. चालते का माहीत नाही. तिला द्यावी.

कलम ८. मला आपल्या रीतीने बसवून माती द्यावी. पहिली मूठ दोघांनी मिळून टाकावी. जेवणावळ नको.

कलम ९. हे पत्र बन्सीधर गुरुजींनी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचावे. शेवटचे नाव वाचून होईपर्यंत कोणी उठू नये. गाडीची वेळ झाली तरी बसावे. आटोचे पैसे माझ्या ठेवीतून द्यावेत.

हे मी लिहिले, वाचले, साक्षीदारांसमोर सही केली. त्यांनी माझ्यासमोर केली.

लिहून देणार: सिद्धम्मा भ्र. मन्मथ हालगे (सही)

साक्षीदार:
१. बन्सीधर गुरुजी, निवृत्त शिक्षक, राहणार पिंगळी (सही)
२. मालनबाई, शेजारी, राहणार पिंगळी (सही)

ठिकाण: पिंगळी, जिल्हा परभणी
दिनांक: १४ नोव्हेंबर २०२५

वकीलसाहेब म्हणतात, सह्यांच्या खाली मजकूर चालत नाही. हा मजकूर नाही, नुसते नाव आहे.

वैजयंती मन्मथ हालगे