लाल दोऱ्याची चादर

मामा, "दम्याचा डंका चारचौघांत पिटून तू माझं नाक कापलंस" असं तुम्ही फोनवर म्हणालात आणि मी तोंड उघडायच्या आत फोन ठेवून दिलात, म्हणून हे पत्र. पत्र असं मध्येच ठेवून देता येत नाही. (येतं म्हणा, पण मग मामी उचलून मोठ्यानं वाचेल.) आधी पाया पडतो, मग भांडतो. मामीचे गुडघे कसे आहेत? धाकटीच्या लग्नाची बोलणी कुठवर आली? मी ठणठणीत आहे, आणि का आहे ते आता बसून ऐका.

आमच्या धुलाई कारखान्यात हॉटेलांच्या चादरी येतात. मध्ये विरलेली चादर दिसली की तिच्या कोपऱ्याला लाल दोरा बांधायचा आणि ती जाळीच्या पिशवीत घालून वेगळी, हळू फिरकीवर धुवायची. दोरा बांधायचा राहिला आणि ती मोठ्या मशीनमध्ये गेली, तर बाहेर चिंध्याच येतात. चांगल्या चादरीला तेच मोठं मशीन काही करत नाही. हे लक्षात ठेवा.

तर गेल्या महिन्यात हा व्हायरसचा ताप आला आणि आम्ही कामगार राहतो ती अख्खी खोली आडवी झाली. डॉक्टरीणबाई आल्या नि दारातूनच म्हणाल्या, "कुणाला आधीपासून दमा, साखर, बीपी? त्यांना आधी तपासते." सगळे छताकडे बघायला लागले, जणू स्थळ बघायला पाहुणे आलेत. मलाही तुमची शिकवण आठवली, की आपल्या घराण्यात कुणाला काही नाही. पण मला रांग कधी सोसली नाही (शाळाही रांगेतूनच सुटली). "आधी" हा शब्द ऐकला आणि हात आपोआप वर गेला.

काय मान मिळाला म्हणून सांगू! पहिली तपासणी माझी, पहिली गोळी माझी, नवा पंप माझा. बोटाला चिमटा लावून रक्तातला प्राणवायू मोजायचा, तोही सकाळ-संध्याकाळ. नुसत्या तापवाल्यांना काय, तर "पाणी प्या, झोपा." बाई म्हणाल्या, तुझ्यासारख्यांच्या छातीत हा ताप लवकर शिरतो. शिरलाही, एक दिवस धाप लागली, पण लक्ष होतं म्हणून तिथेच आवरला. मी त्यांना लाल दोऱ्याचं सगळं समजावून सांगितलं. त्या म्हणाल्या, "बरोबर आहे, पण तोंडातला थर्मामीटर काढू नकोस."

आणि आमचा इस्त्रीवाला पैलवान! ओल्या चादरींची दोन गाठोडी दोन काखांत मारून जिना चढणारा. तो छाती फुगवून म्हणाला, "मला काय धाड भरलीय?" धाड नव्हती, साखर होती. गोळ्या गादीखाली, आणि त्याही आठवल्या तर. त्याला चौघांनी उचलून इस्पितळात नेलं. मी भेटायला गेलो तर नाकात नळी, आवाज मांजराच्या पिल्लासारखा. म्हणाला, "दोरा बांधायला हवा होता रे." वाचला, पण अजून भिंत धरून चालतो.

मामा, हाच ताप आता तुमच्या गल्लीत आलाय. तुमची साखर मला माहीत, मामीला माहीत, कोपऱ्यावरच्या चहावाल्यालाही माहीत. माहीत नाही ती एकट्या डॉक्टरला, कारण तो होणाऱ्या व्याह्यांच्या शेजारी राहतो. सोयरीक मोडेल म्हणून तुम्ही गप्प! अहो, धाकटीला पाठवायला बाप नको का?

तुमचा, लाल दोऱ्याचा आणि त्याचा अभिमान असलेला भाचा.

ता. क. रागावू नका. व्याह्यांना मीच फोन करून सांगून टाकलं. तर ते हळूच विचारतात, "गोळ्या कुठल्या घेतात?" त्यांनाही साखर आहे, आणि तुम्हाला कळू नये म्हणून तेही गोळ्या चोरूनच घेत होते. सोमवारी सकाळी तुम्हाला घेऊन ते त्या डॉक्टरकडे जाणार आहेत. उपाशीपोटी बसा.

आणखी ता. क. पैसे मामीच्या नावे पाठवतोय, तुमच्या हातात पडले तर मिठाईवाल्याचं भलं होईल. व्याह्यांची तपासणीही आपल्याच खर्चानं व्हायला हवी, शेवटी घराण्याच्या नाकाचा प्रश्न आहे. दोघांचे मिळून चार हजार.