भुताला बाई दिसत नाही

२ जानेवारी
हिनं परदेशी भाषेचा क्लास लावला. मुलगी तिकडेच असते, तिला दिवस गेलेत, उन्हाळ्यात आम्हाला जायचंय. तिथे बोलायला घरातलं कोणीतरी तयार हवं. खरं तर हे काम माझं. लिफ्ट इन्स्पेक्टर म्हणून जन्म काढला, परदेशी मॅन्युअलं नुसती चित्रं बघून समजली. पण हिला हौस आहे, तर असू दे.

५ जानेवारी
क्लासची पद्धत अजब आहे. पाठांतर नाही. प्रत्येकानं आपल्या घरातले फोटो लावून, स्वतःच्या आवाजात, त्या भाषेत गोष्ट रचायची. आठवड्याला एक एपिसोड. बाकीचे विद्यार्थी खाली प्रतिक्रिया लिहितात. शिकवणाऱ्या बाईंचं म्हणणं, सांगण्यासारखं काही असलं की शब्द आपोआप सापडतात. आमच्या हिच्याकडे सांगण्यासारखं काय असणार? म्हणून मी टेक्निकल डायरेक्टर व्हायचं कबूल केलं. ही नको म्हणाली. भिडस्त स्वभाव, दुसरं काय.
संकल्प: भाषा गुपचूप शिकायची आणि एअरपोर्टवर हिला चकित करायचं. ॲप घेतलं. उद्यापासून.

१२ जानेवारी
पहिला एपिसोड बघितला. फोटो आपल्याच घरातले. खिडकीजवळची खुर्ची. कठड्यावर कप. बेडवर ओला टॉवेल. बाथरूमचा दिवा चालू, आत कोणी नाही. ते लायटिंग चांगलं जमलंय, तसं सांगितलं. फक्त माणसं नाहीत, म्हटलं, माणसं हवीत. एक आहे की, असं म्हणाली.
चष्मा लावून, झूम करून सगळे फोटो पुन्हा बघितले. कोणी नाही.

१५ जानेवारी, दुपार
ही आतल्या खोलीत दार लावून रेकॉर्डिंग करते. मी पॅसेजमधून चाललो होतो. आतून एका बाईचा आवाज आला. भरभर, मोकळा, मधेच हसणारा. मला वाटलं, कोणी मैत्रीण आली असेल. दार उघडलं तर ही एकटीच. मला बघून थांबली आणि नेहमीच्या आवाजात विचारलं, काय हवंय?
काही हवं नव्हतं. चहा सांगितला.
तो दुसरा आवाज डोक्यातून जात नाही. आपल्या घरात कोणी असं हसत नाही.

२० जानेवारी
ॲप उघडलं. अपडेट मागतंय. मग सरळ फोनलाच भाषांतर करायला लावलं.
भुताची गोष्ट आहे! एक बाई एका घरात राहते आणि त्या घरात एक भूत आहे. वाईट नाही. वस्तू इकडे तिकडे टाकतं, दिवे चालू ठेवतं, खिडकीशी बसतं. वर हिनं लिहिलंय की भुताला ती बाई दिसत नाही.
ही तांत्रिक चूक आहे. भूत आपल्याला दिसत नसतं. आपण भुताला दिसतो. हिला समजावून सांगितलं. ऐकून घेतलं आणि म्हणाली, ह्या घरात उलटं आहे.
त्या भाषेत भुताला काय म्हणतात तेवढं पाठ केलं. एक शब्द झाला. सुरुवात दमदार आहे.

२९ जानेवारी
मी भित्रा नाही. पण तपासणीत मुरलेली नजर गप्प राहत नाही. आज घराची पाहणी केली. दुपारी चार वाजता निष्कर्ष असे: बाथरूमचा दिवा चालू. बेडवर टॉवेल, ओला. कपाटाचा खण उघडा. पेपरची पानं हॉलभर. हे मी काल पाहिलं असतं तर सोडून दिलं असतं. पण ही तर सकाळपासून बाहेर होती. घरात माझ्याशिवाय कोणीही नव्हतं.
अंगावर काटा आला.

५ फेब्रुवारी
हिला सगळं दाखवलं. टॉवेल, दिवा, खण. ही खुर्चीत बसली आणि हसत सुटली, मग हसता हसता डोळे पुसले. घाबरली असावी. मी आहे ना, असं म्हटलं.

११ फेब्रुवारी
नव्या एपिसोडमध्ये आवाज आहेत. सपाता घासत चालण्याचा. एक उसासा. आणि मग खोकला. मोबाइल हातातून पडला. कुठून डाऊनलोड केलास, म्हणून विचारलं. घरातच मिळाला, म्हणाली.
तो खोकला मी ओळखतो. कोरडा, दोनदा, आणि शेवटी घसा खाकरणं. अण्णांचा. माझ्या वारलेल्या वडिलांचा.

१२ फेब्रुवारी
झोप नीट लागली नाही. सगळं जुळतंय. खिडकीजवळची खुर्ची अण्णांचीच. ते तिथे बसून पेपर वाचायचे आणि पेपरमागून पाणी मागायचे. पाणी यायचं. मान वर करून कोण देतंय ते कधी बघितलं नाही. आईचा हात तेवढा आठवतो, पेल्याभोवतीचा. ती बोलायची कशी ते काही केल्या आठवेना. आवाजच आठवेना. दिवसभर प्रयत्न केला.
तर अण्णा परत आलेत. आणि माझ्या बायकोच्या मागे लागलेत.
मुलीला फोन केला, आजोबांचा खोकला आठवतो का, म्हणून विचारलं. ती म्हणाली, बाबा, तुम्ही आईशी का बोलत नाही? विषय काय, मुलगी बोलतेय काय.

१९ फेब्रुवारी, दुपार
आज धीर करून खुर्चीसमोर उभा राहिलो आणि स्पष्ट बोललो. म्हटलं, बास झालं आता. ती सगळं घर ओढते आणि तुम्हाला ती दिसतसुद्धा नाही. एकदा मान वर करून बघा तिच्याकडे.
मागे वळलो तर ही दारात. किती वेळ उभी होती कोण जाणे. चेहरा मुलगी झाली तेव्हा पाहिला होता तसा. हळूच म्हणाली, म्हणजे कळलं तुम्हाला?
म्हटलं, कळलं म्हणजे काय, मी बंदोबस्तच केला. अण्णा आहेत ते. आता नाही त्रास देणार.
मग स्वयंपाकघरात नळ चालू राहिला होता, तो बंद करायला ही गेली.
काहीतरी हातातून निसटल्यासारखं वाटलं. काय ते कळलं नाही. थकलो असेन.

४ मार्च
तिकीट आलं. एकच. माझं मागून येत असेल.

५ मार्च
मागून येत नाहीये. हिला विचारलं तर म्हणाली, तुम्हाला तिकडे करमणार नाही. माझी किती काळजी! परत कधी, विचारलं. बघू, म्हणाली. परतीचं काढलेलंच नाही.
बाळंतपण म्हणजे तारखा पुढे-मागे होणारच. त्यात भिण्यासारखं काही नाही.
ॲप अजून अपडेट मागतंय. भाषा आता जोरात शिकली पाहिजे. उद्यापासून.

२२ मार्च, सकाळ
आज ग्रंथालयाच्या हॉलमध्ये सगळ्यांच्या गोष्टी पडद्यावर दाखवणार. कुटुंबीयांना आमंत्रण आहे. इस्त्रीचा शर्ट काढला. टेक्निकल डायरेक्टर म्हणून दोन शब्द बोलावे लागतील, म्हणून फोनकडून त्या भाषेत एक वाक्य करून घेतलं: भुताला मी ओळखतो, आमच्या घरचंच आहे. आरशासमोर घोकलं.

त्याच दिवशी, संध्याकाळ
नीट क्रमानं लिहितो.
घडीच्या खुर्च्या, वीस-पंचवीस माणसं. हिचा शेवटचा एपिसोड सर्वांत शेवटी. गोष्टीतली बाई बॅग भरते. घर सोडून निघते. भूत घरातच राहतं, कारण भुतांना घर सोडता येत नाही, इतकं मला शेजारच्या खुर्चीतल्या नर्सनं आपल्या भाषेत सांगितलं. हिच्याच वर्गातली ती. पडद्यावरचा आवाज तोच होता, दारामागचा. हॉलभर लोक त्या आवाजाबरोबर हसत होते, मग एकदम गप्प झाले.
दिवे लागले. हिनं माझी ओळख करून दिली. यजमान, असंच काही म्हणाली असणार. सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला. एका टॅक्सीवाल्यानं जवळ येऊन माझा दंड चाचपला, आहे की नाही बघतात तसा.
मी उभा राहून वाक्य म्हटलं. चांगलं आलं, न अडखळता.
मग टाळ्या. शिकवणाऱ्या बाईंनी डोळे टिपले. नर्स माझा हात धरून म्हणाली, एवढ्या लोकांसमोर कबूल करायला हिंमत लागते हो.
काय कबूल केलं, विचारणार होतो. तेवढ्यात पडद्याकडे लक्ष गेलं. शेवटचा फोटो तसाच राहिला होता. खिडकीजवळची खुर्ची, बसून बसून उशीला पडलेला खळगा, खुर्चीच्या हातावर चष्मा.
अण्णांना चष्मा नव्हता.

२३ मार्च
आज विचारलं, गोष्टीतली ती बाई परत येते का? ही म्हणाली, क्लासच्या बाईंनीही तेच विचारलं, अजून लिहिलं नाही. मग सवयीनं म्हणाली, काय हवंय?
सांगायचं बरंच होतं. म्हटलं, काही नको.
तिनं दचकून बघितलं.

३ एप्रिल
गेली. एअरपोर्टवर चकित करायचं राहून गेलं. घरी आलो तर बाथरूमचा दिवा चालू. बंद केला. टॉवेल दोरीवर घातला. कोणाचा ते आता विचारायला नको.

९ एप्रिल, दुपार
खोकलो. घर अगदी गप्प. काय झालं असं कोणी विचारेल म्हणून थोडा थांबलोही. तेव्हा माझी आई अशीच थांबत असेल का, अण्णांपुढे पेला धरून? तिचा आवाज अजून आठवत नाही. हिचा मात्र येतो, पॅसेजमध्ये, तो दुसरा. दार उघडलं की खोली रिकामी.

२० एप्रिल
ॲप अपडेट केलं. पहिला धडा: हे टेबल आहे. टेबल होतंच समोर. दुसरा धडा डोळ्यांत पाणी आल्यानं राहिला. चष्म्याचा नंबर वाढला असेल.

११ मे
नात झाली! दोघी सुखरूप. मुलीचा मेसेज होता. खाली लिहिलं होतं, आईनं नवी गोष्ट सुरू केलीय, बघा.
लगेच लावली. उजेडाची खोली. पाळणा. दोरीवर चिमुकले कपडे. आणि हिचा आवाज, तोच, मोकळा, अधूनमधून हसणारा. ह्या वेळी फोनला भाषांतर करू दिलं नाही. मान वर करून, नीट, शेवटपर्यंत ऐकलं.
त्या भाषेतला एकच शब्द मला पक्का येतो, जानेवारीत पाठ केलेला. तो कुठे येतो म्हणून कान लावून बसलो होतो.
आला नाही. पुन्हा लावून बघितलं. नाहीच.